पाचवं शील आणि एसजीओटी

सासरी सायन्स शिकलेली मी एकटी. बी.एस्सी. बॉटनी. म्हणजे पानाच्या देठापासून मुळाच्या टोकापर्यंत मला सगळं माहीत होतं आणि माणसाच्या पोटातलं काहीच माहीत नव्हतं. पण हा फरक आमच्या घरात कोणी मानला नाही. शुगरचा रिपोर्ट असो, चष्म्याचा नंबर असो की कीटकनाशकाच्या डब्यावरची बारीक अक्षरं असोत, कागद आला की माझ्यासमोर. जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवते, एवढ्या पुण्याईवर मी घरची डॉक्टर झाले. फी म्हणून चहा मिळतो, तोही मीच केलेला.

तरी मामाजींचा लिव्हरचा रिपोर्ट आला, तेव्हा मला कोणी काही विचारलं नाही. कारण माझ्याआधी तो जवाईबापूंनी वाचला होता.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर गोंदिया जंक्शनवर रेल्वेची नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर गावी आले. आमचं गाव दवनीवाड्याच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, बसलेलं. इथे त्यांनी दोन कामं हाती घेतली. एक, घरच्या बांध्या बघणं. दोन, गावाची दारू सोडवणं. पहिल्या कामात त्यांना फार गती नव्हती, ते सासूबाई करत. दुसऱ्यात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्यांची पद्धत ठरलेली होती. पिऊन आलेल्या माणसाशी ते एक शब्द बोलत नसत. चढलेल्याशी बोलू नये आणि उतरलेल्याला सोडू नये, असं त्यांचं म्हणणं. सकाळी त्या माणसाला घरून बोलावून आणायचं, अंगणात खाटेवर बसवायचं आणि चहा पाजायचा. चहा साधा नाही, चमचा उभा राहील इतकी साखर घातलेला. दारू सोडणाऱ्याला गोडाची गरज पडते, हा त्यांचा सिद्धांत होता. समोरच्याला एकट्याला पाजणं बरं दिसत नाही म्हणून प्रत्येकासोबत एक कप स्वतः घेत. त्यांना स्वतःला शुगर होती, पण ती ‘थोडीशी’ होती. आमच्याकडे शुगर कायम थोडीशीच असते, माणूस कोसळेपर्यंत. चहा झाला की मग लेकराबाळांपासून सुरुवात करून ते त्या माणसाला असं काही बोलत, की तो रडायचा. बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान डोक्यावर घिरट्या घालत असलं तर ते जाईपर्यंत थांबत आणि मग राहिलेलं वाक्य पूर्ण करत. थट्टा बाजूला ठेवून सांगते, अशी कितीतरी माणसं त्यांनी खरोखर उठवून उभी केली.

पौर्णिमेला विहारात वंदना असते. पंचशील मामाजीच सांगत, बाकीचे त्यांच्यामागून म्हणत. पहिली चार शीलं ते सगळ्यांच्या सुरात म्हणत. पाचवं, मद्यापासून दूर राहण्याचं, मात्र असं म्हणत की रस्त्यावरून जाणाऱ्यानेही खिशात काही असेल तर चाचपून पाहावं. चोरी, खोटं, परस्त्री ही शीलं मोडणारे लोकही समोर बसलेले असत, पण मामाजींचा आवाज पाचव्यालाच चढायचा. आपण स्वतः कधी थेंबाला शिवलो नाही, ही त्यांची आयुष्याची कमाई. पेन्शनपेक्षा त्यांना ती मोठी वाटायची.

तर अशा माणसाच्या पायावर सूज आली. आधी चप्पल घट्ट झाली, तर दोष चप्पल विकणाऱ्याला. मग शर्टाचं बटण पोटावर लागेना, तर दोष सुनेच्या स्वयंपाकाला. मग डोळे पिवळे दिसायला लागले. शेजारच्या काकींनी काविळीची माळ घालून घ्या म्हटलं, दुसऱ्या कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुवून कावीळ उतरवणारा माणूस सुचवला. इतके तज्ज्ञ उपलब्ध असताना गोंदियाच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे सगळ्यांचा अपमानच होता. तो आम्ही केला. डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि स्टेशनजवळच्या लॅबमधल्या पोरीने, “रिपोर्ट मोबाइल पे आ जाएगा, अंकल, डॉक्टर को दिखा लेना,” असं बजावून सांगितलं.

मोबाइलवर रिपोर्ट आला आणि माझ्या नवऱ्याने तो डॉक्टरला दाखवण्याआधी घरच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये नणंदेचे यजमान आहेत, म्हणजेच आमचे जवाईबापू. ते औषध कंपनीत एमआर. डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर बाकावर बसून बसून त्यांचं वैद्यकीय शिक्षण पूर्ण झालेलं. आमच्या भागात जवायाला पहिलं ताट आणि शेवटचा शब्द. त्यांनी रिपोर्ट उघडला असेल-नसेल, तोच उत्तर आलं. एसजीओटी अठ्ठ्याहत्तर, एसजीपीटी एकोणचाळीस. ओटी हा पीटीच्या दुप्पट, म्हणजे अल्कोहोल. पुस्तकात असंच लिहिलं आहे. त्याखाली नणंदेने रडणारा चेहरा टाकला.

वाईट याचं वाटतं, की ते पूर्ण चुकीचं बोलले नव्हते. दारूने लिव्हर खराब होतं तेव्हा बऱ्याचदा असं दिसतं, हे मीही नंतर वाचलं. पूर्ण चुकीच्या माणसाला गप्प करता येतं. अर्धं बरोबर असणाऱ्याला, त्यातही तो जवाई असला तर, कोण गप्प करणार?

मी रिपोर्ट पूर्ण वाचला. बॉटनीवालीला शेवटच्या पानापर्यंत जायची सवय असते. एसजीओटी, एसजीपीटी ही नावं भारदस्त, जाड ठशात, सगळ्यांच्या तोंडी. पण खाली एका कोपऱ्यात अल्ब्युमिन होतं. पाहिजे साडेतीनच्या वर, होतं अडीचच्याही खाली. बिलिरुबिन वाढलेलं. रक्त गोठायला लागणारा वेळ वाढलेला. अल्ब्युमिन म्हणजे लिव्हर तयार करतं ते प्रथिन, ते कमी पडलं की पाणी रक्तात टिकत नाही, पायात आणि पोटात उतरतं, एवढं मला कळत होतं. मी नवऱ्याला म्हटलं की चप्पल त्यामुळे घट्ट झाली, हे बघा. तो म्हणाला, ते ठीक आहे, पण दुप्पटचं काय? अल्ब्युमिनवरून कोणाची बदनामी करता येत नाही, म्हणून त्यात घरात कोणालाच रस नव्हता.

जवाईबापू पुढच्या रविवारी आले. सासऱ्यांना भेटून, तब्येतीची काळजी घ्या म्हणून, जेवून, जाताना पानठेल्यावर थांबले. तिथे त्यांनी फक्त काळजी व्यक्त केली. ती काळजी संध्याकाळपर्यंत गावभर पोचली.

मग पौर्णिमा आली. मामाजी पांढरा शर्ट घालून विहारात गेले. पहिली चार शीलं झाली. पाचवं सुरू झालं आणि मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं. मग दुसऱ्या कोपऱ्यात कोणीतरी. मामाजी थांबले नाहीत, पण त्यांचा आवाज पहिल्यांदाच बाकीच्या चार शीलांइतका झाला. मी बायकांमध्ये बसले होते. त्या खोकणाऱ्यांचं मला काय करावंसं वाटलं, ते विहारात बसून मनात आणणंही बरोबर नव्हतं.

त्याहून कडी म्हणजे, दोन दिवसांनी सकाळी एक माणूस अंगणात आला. मामाजींनीच दारू सोडवलेला. आधी त्याचं पोट घागरीसारखं फुगलेलं होतं, आता तो चांगला धान कापतो. तो मामाजींना हात धरून खाटेवर बसवायला लागला. मला म्हणाला, बाई, चहा आणा, साखर जास्त टाका. आणि मग त्याने लेकराबाळांपासून सुरुवात केली. शब्द न् शब्द मामाजींचाच. सांगत होता अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी आणून, मामा, मी सोडली, तुम्हीही सोडू शकता, लाज बाळगू नका. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं. ते त्याच्यावर रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. तो गेल्यावर ते मला म्हणाले, “बाई, तू शिकलेली आहेस. तो कागद खोटं बोलून राह्यला का मी?”

मी म्हटलं, कागद खोटं बोलत नाही, पण तो अर्धाच वाचला आहे. नागपूरला लिव्हरच्या डॉक्टरला दाखवू. मी जीव काढून सांगितलं की खालचे आकडे चांगले नाहीत, उशीर करू नका. त्यांनी विचारलं, तो डॉक्टर दारू आहे की नाही ते नक्की सांगेल का? मी हो म्हटलं. तेव्हा ते तयार झाले. आपण जगणार की नाही हे त्यांनी विचारलंच नाही. मला इतका राग आला, की मी राहिलेल्या चहाचं पातेलं मोरीत ओतून टाकलं.

घरात त्यांच्या बाजूने मी होते आणि मला वाटलं होतं की सासूबाईही असतील. त्या जवायाच्या बोलण्यावर काहीच बोलल्या नव्हत्या, ते मी जवायाचा मान म्हणून सोडून दिलं होतं. नागपूरला जायच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. त्या सुपाकडे बघतच म्हणाल्या, “तोंडाले वास येऊन राह्यला त्याइच्या. गोड. माह्या बापाच्या तोंडाले येत होता तसाच.”

मग त्यांनी बाकीचंही सांगितलं. त्यांचा बाप मोहाची दारू पिऊन मेला. लग्नाची बोलणी आली तेव्हा त्यांनी मुलाचं शिक्षण विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, फक्त पितो का एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर होकार दिला. तो वास यायला लागल्यापासून त्या रोज झोपलेल्या नवऱ्याच्या तोंडाजवळ नाक नेत होत्या. धानाच्या कोठीमागे बघितलं, तणसाचा ढीग उपसला, रेल्वेची जुनी पेटी उघडली. बाटली सापडली नाही. सापडली नाही म्हणून संशय गेला नाही, उलट वाढला. इतकं चांगलं लपवणारा माणूस म्हणजे जुना पिणारा, असं त्यांचं गणित. जवाईबापूंच्या पुस्तकापेक्षा मला त्यांच्या नाकाची भीती वाटली. मोहाचा वास गोडसर असतो आणि त्या बाईला तो लहानपणापासून पाठ होता.

नागपूरला आम्ही तिघं गेलो. माझा नवरा आला नाही, कारण जवाईबापूंनी त्याला सांगितलं होतं की असल्या केसमध्ये मुलासमोर पेशंट खरं बोलत नाही. जवाईबापूंची माणसाच्या मनावरही कमांड होती. सोनोग्राफी झाली, हृदयाची तपासणी झाली, काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या झाल्या, लिव्हर किती कडक झालं ते मोजणारं मशीन पोटावर फिरवलं. मग डॉक्टरांनी मामाजींना बरंच काही विचारलं. किती वर्षं शुगर आहे, गोळ्या रोज घेता का, दिवसाला चहा किती? चहाचं उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला. दारू विचारल्यावर मात्र ताठ बसून म्हणाले, कधीच नाही.

डॉक्टर शांत माणूस होता. त्याने रिपोर्टवर जवाईबापूंच्या त्या दोन प्रसिद्ध आकड्यांवर आडवी रेघ मारली. म्हणाला, हे दोन आकडे लिव्हरचं काम दाखवतच नाहीत. लिव्हरच्या पेशींना इजा झाली की त्यांच्यातली ही द्रव्यं रक्तात सांडतात, तेवढंच ते सांगतात. गिरणीत काय बिघडलंय ते आवाजावरून कळेल, तांदूळ किती निघतोय ते कळणार नाही. काम बघायचं तर अल्ब्युमिन बघा, बिलिरुबिन बघा, रक्त गोठतं किती वेळात ते बघा. त्याने नेमके माझे कोपऱ्यातले आकडे गोल केले. आयुष्यात पहिल्यांदा बॉटनी कामी आली आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही. मग तो दुप्पटवर आला. लिव्हर कोणत्याही कारणाने कडक झालं, की पीटी मागे राहतो आणि ओटी पुढे दिसतो, त्यामुळे फक्त त्यावरून दारू म्हणता येत नाही. बाकी सगळं पाहता हे वर्षानुवर्षं न सांभाळलेल्या साखरेचं आणि लिव्हरमध्ये साठलेल्या चरबीचं काम आहे. माझ्या मते दारूचा यात संबंध नाही.

मामाजी खुर्चीत पुढे सरकले. “साहेब, ते ‘माझ्या मते’ काढून टाका अन् एकदा परत सांगा.”

त्यांनी खिशातून मोबाइल काढून टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, रेकॉर्ड कर. डॉक्टर हसला, पण त्याने ऐकलं. तो मोबाइलकडे वाकून बोलला, की या पेशंटचं लिव्हर दारूने खराब झालेलं नाही, साखर आणि चरबीमुळे ते कडक झालं आहे, आणि फार झालं आहे. शेवटचे चार शब्द त्याने मोबाइलसाठी नाही, माझ्याकडे बघून उच्चारले.

आम्ही उठणार तेवढ्यात सासूबाई बोलल्या. तोवर त्या पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. “मंग तोंडाले मोहासारखा वास काऊन येते?”

डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग सांगितलं, की लिव्हर रक्तातली घाण साफ करू शकलं नाही की ती श्वासातून बाहेर येते, तिचा वास असा गोडसर असतो. बऱ्याच घरांत लोकांना तो दारूचा वाटतो. तुम्हाला कधीपासून येतोय? त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. सासूबाईंनी पदर पुन्हा तोंडाला लावला. ज्या वासावरून त्या नवऱ्याला चोर ठरवत होत्या, तो त्याच्या मरणाचा होता, आणि तो सगळ्यांच्या आधी त्यांनाच आला होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

बाहेर येताना डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. मीठ जवळजवळ बंद, साखर ताब्यात, या गोळ्या, रक्ताची उलटी झाली किंवा बोलण्यात गोंधळ वाटला तर तसंच घेऊन या. लिव्हर बदलणं हा खरा उपाय, पण वय आणि हृदय बघता तो मी सुचवणार नाही. हे सगळं मीच ऐकलं. मामाजी तोवर वेटिंगमध्ये बसून मोबाइल कानाला लावून डॉक्टरांचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकत होते.

गोंदियाच्या गाडीत आम्हाला खिडकी मिळाली. मामाजी इतके खूश होते, की समोर बसलेल्या अनोळखी माणसालाही त्यांनी ते ऐकवलं. तुमसरच्या पुढे रेंज नीट आल्यावर त्यांनी ते घरच्या ग्रुपवर टाकलं, मग विहाराच्या ग्रुपवर, मग दारूबंदीच्या. भराभर उत्तरं आली. नमस्कार, अंगठे, निळे झेंडे. एकाने लिहिलं, आमाले माहीतच होतं. जवाईबापूंचंही आलं. त्यांनी लिहिलं, की मी पण तेच म्हणत होतो, फक्त कन्फर्म करायला सांगितलं होतं. त्या आवाजातलं दुसरं वाक्य एकानेही ऐकलेलं दिसलं नाही. साखर, चरबी, फार झालं आहे, हे सगळं गावाला गाळून ऐकू आलं. दारू नाही म्हटल्यावर गावाच्या दृष्टीने मामाजी बरे झाले होते.

मामाजी म्हणाले, येत्या पौर्णिमेला बघतो कोण खोकलते. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बांध्यांत धान निसवलं होतं, पाणी चांगलं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की मामाजी, तुम्ही जिंकलात, पण तुम्ही मरताय. पण इतका आनंदी माणूस मी त्या घरात कधी पाहिला नव्हता.

त्यांनी मोबाइल सासूबाईंच्या कानाशी नेला. ऐक म्हणाले. त्यांनी पूर्ण ऐकलं, शेवटच्या चार शब्दांसकट. मग त्यांचा हात धरून मोबाइल खाली केला.

“तुमी कितीकाइले सोडाले लावली,” त्या म्हणाल्या. “ते समदे उठून बसले.”

मामाजींना वाटलं, त्यांचं कौतुक चाललं आहे. ते हसले.

“तुमी पेत असते तं बरं होतं,” सासूबाई म्हणाल्या. “सोडाले काही तं राह्यलं असतं.”